लेखणी कुणाची, थैली कुणाची

वसुलीचा हप्ता आला की पेशवाईतल्या गावात चावडीवर पाच जण हजर लागत. महार घरोघर जाऊन कुणब्यांना बोलावून आणी. कुणबी पाटलासमोर रुपये ठेवी. पोतदार एकेक नाणे पारखून घेई आणि त्यावर आपली खूण उठवी. कुलकर्णी पावती लिहून देई. सगळा वसूल गोळा झाला की तो चौगुल्याच्या देखरेखीखाली महाराकरवी कचेरीत पोचता होई. सोबत पाटलाची दोन पत्रे असत, एक देशमुखाला आणि एक कमाविसदाराला. परत येताना पैसे पोचल्याची पावती घेऊनच यायचे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल कलकत्त्याला धाडला, त्यात ही रीत नोंदलेली आहे.

या रीतीत पैसा मागणारा वेगळा, पारखणारा वेगळा, लिहिणारा वेगळा आणि वाहून नेणारा वेगळा. एकाने खोटे करायचे ठरवले तरी उरलेल्या चौघांना सामील करून घेतल्याशिवाय ते तडीस जात नसे. आज लेखापरीक्षक ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात ते हेच. गावाचा कारभार म्हटला की आपल्याला सरपंच आठवतो, निवडणूक आठवते, गावातले दोन गट आठवतात. पण गाव खरोखर चालते ते दोन कामांवर. कुणीतरी लिहून ठेवायचे आणि कुणीतरी पैसा सांभाळायचा. ही दोन कामे कुणाच्या हाती आहेत आणि त्या हातांवर नजर कुणाची आहे, यावर गावाचे बरेवाईट ठरत आले आहे.

पोतदाराचे काम आज आपल्याला किरकोळ वाटेल. त्या काळी तसे नव्हते. पुण्याकडचा अंकुशी रुपया, चांदवडचा चांदवडी रुपया आणि आणखी कितीतरी टांकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. प्रत्येकाची चांदी कमीजास्त, म्हणून प्रत्येकावर बट्टा वेगळा. शेतकऱ्याने दहा रुपये ठेवले तर सरकारदरबारी ते दहाच धरले जातील की साडेनऊ, हे पोतदाराच्या पारखीवर ठरे. त्याबद्दल त्याला थोडा हक्क मिळे. गावाच्या थैलीचा राखणदार म्हणून पहिला मान त्यालाच द्यावा लागेल, कारण थैलीत खोटे नाणे शिरू न देणे हे सांभाळण्याइतकेच महत्त्वाचे होते.

कुलकर्ण्याचे दफ्तर मात्र पोतदाराच्या कामापेक्षा कितीतरी पसरट होते. कोणत्या शेतात कोणी काय पेरले, त्याचे लावणीपत्रक. जमिनीच्या तपशिलाचा झाडा. कुणाकडून किती आले आणि किती राहिले, त्याची वसूलबाकी. वर्षाअखेर सगळ्याचा ताळेबंद. शिवाय गावखर्चाचा हिशेब, ज्याला सादिलवार म्हणत: देवळाचा दिवा, जत्रा, येणाऱ्याजाणाऱ्या शिपायाचा शिधा, फकीर-गोसाव्याची बिदागी, चावडीची डागडुजी. हे सगळे बोरूने, मोडीत, लांब कागदांवर लिहिलेले आणि रुमालात बांधून ठेवलेले. सादिलवाराची पट्टी गावावरच बसे. म्हणजे गावाला स्वतःचा असा छोटा जमाखर्च होता आणि तो सरकारी साऱ्याहून निराळा मांडला जाई. आजच्या ग्रामनिधीचा पूर्वज शोधायचा असेल तर तो या सादिलवारात सापडतो. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात हे सगळे वतनदार आणि त्यांचे हक्क तपशिलाने आले आहेत. गावकारभाराबद्दल कुतूहल असणाऱ्याने ते वाचावेच.

कुलकर्णीपण हे वतन होते. बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत तक्षिमा पडत, पाळीपाळीने चालवले जाई, गहाणही पडे. मोबदला म्हणून इनाम जमीन आणि रयतेकडून ठरलेले हक्क मिळत. गावाच्या निवाड्याच्या कागदावर, म्हणजे महजरावर, पाटलाची निशाणी नांगर असे, न्हाव्याची आरसा असे, प्रत्येक बलुतेदार आपल्या धंद्याचे चिन्ह काढी. ती चिन्हे काढावी लागत, कारण सही करता येत नसे. नांगर काढणाऱ्या पाटलाने वर काय लिहिले आहे ते कशाच्या जोरावर मान्य केले? कुलकर्ण्याने वाचून दाखवले म्हणून.

पाच माणसांच्या त्या सुरेख रचनेला भगदाड होते ते इथे. हात पाच होते, डोळे एकाचेच होते. पोतदाराला चांदी कळत होती, चौगुल्याला वाट ठाऊक होती, पण कागदावर आपल्या नावासमोर किती बाकी दाखवली आहे हे कुणब्याला कळायला दुसरा मार्ग नव्हता. आणि ज्या महाराच्या भरवशावर अख्ख्या गावाचा वसूल कचेरीपर्यंत जाई, त्याला तर अक्षराच्या जवळही फिरकू दिले जात नव्हते. पैशाला ज्याचा हात चालतो त्याला लेखणीची बंदी, ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट होती, असे मला वाटते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या, वरून मिळेल तितका वसूल ओढला जाऊ लागला, तेव्हा खालच्या कागदांना धरबंध राहिला नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये अडाणी शेतकऱ्याला कुलकर्ण्याची लेखणी कशी नाडते याचे जे वर्णन केले, त्यामागे ही शेकडो वर्षांची असाहाय्यता आहे. सगळे कुलकर्णी लबाड होते असे मानायचे कारण नाही. अनेकांनी पिढ्यानपिढ्या चोख हिशेब ठेवले आणि त्यांच्या रुमालांवरच आज इतिहास संशोधकांचे काम चालते. पण एकट्याला वाचता येते आणि बाकीच्यांना येत नाही, तेव्हा प्रामाणिकपणा ही त्या एकट्याची मर्जी उरते.

इंग्रजांनी ही मक्तेदारी मोडली ती मोजणीच्या साखळीने. १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी शेताशेताची मोजणी करून प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि त्याचा आकार ठरवला. जमीन किती आणि तिच्यावर सारा किती, हे आता कुलकर्ण्याच्या रुमालावर अवलंबून राहिले नाही, सरकारी नकाशावर आले. पुढे १८७४ च्या वतन कायद्याने वतनदारांच्या सेवेला नियमांत बांधले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले आणि ज्यांना गावाच्या कागदाला हात लावायची मुभा नव्हती त्या समाजांतल्या शिकलेल्या माणसांनाही त्या जागांवर बसवले. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ संपावी यासाठी ते झगडत होते. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने संपली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने संपली आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकीही गेली.

वतने गेली, पण लिहिण्याचे आणि पैसा सांभाळण्याचे काम कुठे जाणार? ते दोन वाटांनी गेले, आणि इथेच आज गावातल्या माणसाचा पुष्कळ गोंधळ होतो.

जमिनीचा कागद तलाठ्याकडे गेला. तो महसूल खात्याचा माणूस. त्याचा वरिष्ठ मंडळ अधिकारी, त्याच्यावर तहसीलदार. सातबारा म्हणजे त्याच्याकडचे गाव नमुना सात आणि बारा. आठ अ म्हणजे एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींची एकत्र नोंद. गावठाणातले घर, घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, गटार, गावाचा स्वतःचा पैसा हे सगळे ग्रामसेवकाकडे. तो जिल्हा परिषदेचा माणूस आणि त्याचा वरिष्ठ गटविकास अधिकारी. त्याच्याकडेही ‘नमुना आठ’ असतो, पण ती घरांच्या कर आकारणीची नोंदवही. बँकेने ‘आठचा उतारा आणा’ म्हटले की माणूस तलाठ्याच्या दारात उभा राहतो आणि हवा असतो ग्रामपंचायतीचा उतारा, किंवा उलटे. थोडक्यात, शेताचा प्रश्न असेल तर तलाठी आणि घराचा असेल तर ग्रामसेवक. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असे एकच पद केले. लोकांच्या तोंडी मात्र अजून ग्रामसेवक, आणि बोलताना नुसते ‘भाऊसाहेब’.

हे भाऊसाहेब म्हणजे कायद्याच्या भाषेत पंचायतीचे सचिव. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ६० त्यांच्याविषयी आहे. त्यांची नेमणूक जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात, गाव करत नाही. कलम ५७ ग्रामनिधीविषयी आहे: गावाचे कर, फी, भाडे, अनुदाने, देणग्या सगळे या एका निधीत जमा व्हायचे. सरपंच निवडून येतो आणि जातो, सदस्य बदलतात, पण सभेची नोटीस काढणे, इतिवृत्त लिहिणे, ठराव अंमलात आणणे, कर आकारणे, वसूल करणे, बँकेत भरणे, खर्चाचे बिल करणे आणि त्या सगळ्याची वही ठेवणे हे एकाच माणसाकडे येते. पाटील, कुलकर्णी, पोतदार आणि चौगुला या चौघांत वाटलेले काम आता बव्हंशी एका टेबलावर आहे.

एका रुपयाचा माग काढला तर हे टेबल नीट दिसते. समजा तुमच्या घराची घरपट्टी. दर चार वर्षांनी पंचायत घरांची आकारणी नव्याने करते. २०१५ च्या नियमांपासून ती भांडवली मूल्यावर होते, म्हणजे जागेचा आणि बांधकामाचा दर, घराचे वय, वापर राहण्याचा की दुकानाचा, असे सगळे धरून. आकारणीची यादी गावात प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात. ही यादी म्हणजे नमुना ८. त्यावरून वर्षाची मागणी आणि मागील थकबाकी नमुना ९ मध्ये घराघराप्रमाणे चढते. तुम्ही पैसे भरले की नमुना १० ची पावती फाडून मिळते. त्या दिवसाची सगळी जमा रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये लिहिली जाते आणि रक्कम बँकेत भरली जाते. २०११ च्या लेखासंहितेत असे ३३ नमुने आहेत. अंदाजपत्रकाचा पहिला, आकस्मिक खर्चाच्या प्रमाणकाचा बारावा, अशी ती रांग आहे.

या साखळीतला सर्वांत नाजूक दुवा म्हणजे पावती आणि बँक यांच्यामधले काही तास, कधी काही दिवस. शिपाई किंवा वसुली कारकून गावात फिरून पैसे गोळा करतो. संध्याकाळी कुणाचे तरी बिल भागवायचे असते, नळाचा कॉक फुटलेला असतो, मोटारीचा स्टार्टर जळालेला असतो. हातातल्या पैशांतून ते भागवले आणि उरलेले बँकेत भरले, यात लबाडी नसेलही. पण नियम सांगतो की आलेला पैसा परस्पर खर्चायचा नाही. आधी सगळा बँकेत, मग बँकेतून खर्च. लेखापरीक्षणाच्या अहवालांत ‘वसूल रक्कम परस्पर खर्च केली’ हा आक्षेप फार वेळा येतो. वाचताना तो तांत्रिक वाटतो. पण पैसा बँकेतून फिरला नाही की पावती पुस्तक हा एकच पुरावा उरतो, आणि ते पुस्तक त्याच टेबलाच्या खणात असते. हा आक्षेप कधीच किरकोळ समजू नये.

खर्चाची वाट याहून लांब. मासिक सभेत ठराव. काम असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर अभियंत्याची मोजमाप पुस्तिका आणि मूल्यांकन. बिलातून कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर आणि बाकीच्या कपाती. मग पैसे. आणि पैसे काढायला दोन सह्या लागतात, सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. वित्त आयोगाच्या पैशाला आता धनादेशही नाही. केंद्राच्या संगणक प्रणालीवर ग्रामसेवक देयक तयार करतो, सरपंच आपली डिजिटल सही लावून ते मंजूर करतो आणि रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात जाते. एकाने करायचे, दुसऱ्याने तपासायचे, ही कल्पना त्यात शाबूत आहे.

कल्पना शाबूत असली तरी प्रत्यक्षात काय होते हे गावात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. सरपंचाच्या डिजिटल सहीची कळ ग्रामसेवकाच्या बॅगेत असते, किंवा संगणक परिचालकाच्या टेबलावर, किंवा नवऱ्याच्या खिशात. राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पहिल्यांदा खुर्चीवर बसलेल्या ताईंना ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले जाते. त्या विचारत नाहीत, कारण विचारायला कुणी शिकवलेले नसते. दुसरी सही ही मोठी जबाबदारी आहे. पैशाची अफरातफर निघाली तर कायदा दोन्ही सह्यांना धरतो. ज्या सरपंच बाईने बिल, मोजमाप आणि ठराव हे तीन कागद समोर आल्याशिवाय सही करणार नाही असे एकदा ठरवले, तिच्या गावचा कारभार सहा महिन्यांत बदलतो. त्यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. तीन कागद ओळखता यायला हवेत.

ग्रामसेवकाची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि एकेका ग्रामसेवकाकडे कित्येकदा दोन किंवा अधिक पंचायतींचा कार्यभार असतो. तो जन्म-मृत्यूचा निबंधक आहे. विवाह नोंदणीचा निबंधक आहे. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, म्हणजे ज्या मांडवात त्याला पाहुणा म्हणून बोलावले त्याच मांडवात वेळ आली तर नोटीस घेऊन उभे राहायचे. माहितीच्या अधिकारातला जन माहिती अधिकारी तोच. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, शौचालयांची पाहणी, टंचाईतले टँकर, साथ आली की गटारांची फवारणी, निवडणूक आली की थकबाकी नसल्याचे दाखले. या शेवटच्या दाखल्याला गावात फार महत्त्व. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो, त्यामुळे वर्षानुवर्षे थकलेली घरपट्टी अर्ज भरायच्या आठवड्यात आपसूक वसूल होते. एवढा सगळा व्याप सांभाळणाऱ्या माणसाची रोकडवही रोजच्या रोज लिहिली जावी अशी अपेक्षा आपण करतो. ती अपेक्षा रास्त आहे. पण त्याच्याजवळ एक धड लिपिक आणि एक नेमलेला वसुली कारकून असेल तरच ती पुरी होते. गावाचा जमाखर्च सुधारायचा असेल तर पहिला खर्च माणसांवर करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. सॉफ्टवेअरवर आपण पुष्कळ केला.

थैलीत पैसा येतो कुठून, हेही पाहायला हवे, कारण कोणता पैसा कशाला वापरायचा हे ज्याला माहीत नाही त्याला हिशेब वाचता येत नाही. स्वतःच्या उत्पन्नावर तीन बांधील वाटे आहेत: पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी, दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी, पाच टक्के दिव्यांगांसाठी. वित्त आयोगाचा पैसा वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या अनुदानात साठ टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, आणि चाळीस टक्के अबंधित. अबंधितातून गावाच्या गरजेचे काही करता येते, पण पगार देता येत नाही. राज्यात या अनुदानाचे ऐंशी टक्के ग्रामपंचायतीला जातात, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा. म्हणून कुणी म्हणाले की ‘पैसे पडून आहेत, शाळेचे कुंपण का होत नाही’, तर उत्तर असू शकते की पडून असलेले पैसे गटाराचे आहेत. आणि कुणी म्हणाले की ‘निधीच नाही’, तर विचारायला हवे की कोणत्या शीर्षाखाली नाही. या एका प्रश्नाने सभेतली निम्मी भांडणे मिटतात आणि उरलेली निम्मी योग्य जागी सुरू होतात.

गोव्यात याच कामांची वाटणी निराळी झाली. तिथली गावकारी ही ग्रामसंस्था फार जुनी. पोर्तुगीज आल्यावर १५२६ साली अफोंसो मेशियाने तिच्या रूढी फोराल या सनदेत नोंदवून घेतल्या आणि पुढे तिला कोमुनिदाद हे नाव पडले. १९६१ च्या कोमुनिदाद संहितेत व्यवस्थापन समितीवर अध्यक्ष, मुखत्यार आणि खजिनदार असे तिघे असतात आणि लिहिणारा एस्क्रिवांव त्यांच्याहून वेगळा. शेतांच्या पावणीचे, म्हणजे लिलावाचे, पैसे खजिनदाराच्या ताब्यात, नोंद एस्क्रिवांवच्या वहीत, आणि शिल्लक राहिलेल्यातून गावकारांना मिळणारे झोण या दोन्हींचा मेळ बसल्यावर. लेखणी आणि थैली इतकी स्पष्टपणे वेगळी ठेवणारी दुसरी ग्रामसंस्था आपल्या शेजारात मला दिसत नाही. तरीही कोमुनिदादींच्या जमिनींचे वाद आणि अतिक्रमणे काही थांबली नाहीत. गावकार मुंबईला, आखातात, परदेशात गेले, सभांना येईनासे झाले, वहीकडे पाहणारे उरले नाहीत. दोन हात वेगळे ठेवून भागत नाही. पाहणारे डोळे लागतात, हे कुलकर्ण्याच्या काळातले सत्य तिथेही तसेच उतरले.

उलटे उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे. धानोरा तालुक्यातले हे गोंड गाव. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकायचा अधिकार. म्हणजे ग्रामसभेच्या हाती एकदम मोठी उलाढाल आली. निविदा, मजुरी, बँक खाते, पॅन, प्राप्तिकर, सगळे. निर्णय एकमताने घ्यायचे ही तिथली जुनी शिस्त आणि हिशेबही सभेत सगळ्यांसमोर. ज्यांना शाळेचा लाभ उशिरा मिळाला अशा माणसांनी मोठ्या रकमांचा जमाखर्च पेलला, कारण वही त्यांची होती आणि ती बंद खणात नव्हती. अनुसूचित क्षेत्रांतल्या गावांसाठी राज्याने २०१४ मध्ये पेसा कायद्याचे नियम केले, त्यात ग्रामसभा कोषाची तरतूद आहे. गावाने आपला कारकून आणि आपला खजिनदार स्वतः व्हावे, ही त्यामागची कल्पना. ती सगळीकडे जमलेली नाही, पण जमू शकते हे मेंढ्याने दाखवले.

बाकीच्या गावांना तो मार्ग मोकळा आहे का? आहे, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ मध्ये लिहिलेला आहे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यावरच्या पहिल्या ग्रामसभेपुढे पंचायतीने चार गोष्टी ठेवायच्या असतात: जमाखर्चाचे वार्षिक विवरण, मागील वर्षाच्या कारभाराचा अहवाल, चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम, आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिप्पणी त्यावरच्या उत्तरांसह. शेवटची गोष्ट फार मोलाची आणि फार कमी वेळा वाचली जाणारी. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचे लोक येतात, दफ्तर तपासतात, आक्षेप लिहितात. त्यावर पंचायतीने अनुपालन करायचे असते. आक्षेप वर्षानुवर्षे तसेच राहतात कारण ते दोन कचेऱ्यांमधला पत्रव्यवहार बनून राहतात. गावात ते कुणी मोठ्याने वाचले तर दहा मिनिटांत कळते की अमुक रस्त्याचे प्रमाणक नाही, तमुक पावती पुस्तक परत आलेले नाही, गाळ्यांचे भाडे तीन वर्षे वसूल नाही. गाळा कुणाकडे आहे हे लेखापरीक्षकाला शोधावे लागते, गावाला ते पाठ असते.

हिशेब वाचायला नव्याने शिकणाऱ्याने रोकडवहीपासून सुरुवात करावी. तिची रीत साधी आहे. महिन्याच्या सुरुवातीची शिल्लक, अधिक आलेले, वजा गेलेले, बरोबर अखेरची शिल्लक. ती शिल्लक दोन ठिकाणी असते, थोडी हातात आणि बाकीची बँकेत. बँकेतली पासबुकाशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर का नाही याचे कागदावर उत्तर हवे, जसे की दिलेला धनादेश अजून वटलेला नाही. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भक्तीची कथा म्हणून ऐकतो, पण ती ताळमेळाची कथाही आहे. रक्कम लहान आहे म्हणून चूक सोडून द्यायची नाही, कारण लहान फरकाखाली दोन मोठे फरक एकमेकांना झाकून बसलेले असू शकतात.

त्यानंतर नमुना ९ मागावा आणि आपल्या गल्लीतली पाचसहा घरे पाहावीत. मागणी किती, वसूल किती, थकबाकी किती. ज्याने भरले त्याच्याजवळच्या पावतीचा क्रमांक आणि वहीतला क्रमांक एक आहे का. मग एका पूर्ण झालेल्या कामाचे प्रमाणक आणि मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी घेऊन त्या जागेवर टेप धरावी. ग्रामपंचायतीचे दफ्तर पाहायला मागणे हा ग्रामसेवकावरचा अविश्वास नव्हे. चोख काम करणाऱ्या ग्रामसेवकाला अशा गावकऱ्याचा आधारच वाटतो, कारण दबाव आणणाऱ्याला सांगायला त्याच्याजवळ कारण येते की साहेब, हे सभेत वाचले जाणार आहे.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात, आणि त्यांच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. विषयपत्रिकेत ‘जमाखर्चास मंजुरी’ हा विषय बहुधा पहिल्या तिनांत असतो. तो आवाजी होकाराने पुढे सरकण्याआधी उठून म्हणायचे, भाऊसाहेब, आकडे वाचून दाखवा, शीर्षवार.